डावीकडची सीट

ताडपत्रीवर एकेचाळीस वस्तू होत्या. मेदेरने त्या दोनदा मोजल्या आणि वहीत लिहून घेतल्या. टर्बो दोन, एक लहान, एक मोठा. रबरी नळ्यांचे तुकडे एकवीस, त्यांतले तीन फाटलेले. विजेवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह चार. हवा थंड करणारा इंटरकूलर एक, चेपलेला. हवेचा दाब दाखवणारा मीटर एक, काच नाही. क्लिपा नऊ. बोल्ट तीन. याशिवाय ब्रेकच्या पेडलमागे अडकलेला एक बूट निघाला होता, उजव्या पायाचा. तो त्याने मोजला नाही. फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवून दिला.

बाकीची गाडी शेडमागे चार दगडांवर होती. तिची उजवी बाजू पुढच्या चाकापासून मागच्या दारापर्यंत आत गेली होती. डावी बाजू जवळजवळ कोरी होती. डाव्या दाराचं हँडलसुद्धा नीट चालत होतं.

अपघातानंतर बाराव्या दिवशी पोलिसांनी गाडी सोडली, तेव्हा ती कुठे न्यायची ते उसेन आबांनी ठरवलं. "ज्याने शेवटचा हात लावला, त्याच्याच दारात नेऊन टाका," ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत कोचकोर गावभर झालं.

शेवटचा हात मेदेरचा होता, हे खरंच होतं. सत्त्याण्णव सालची जपानी स्टेशन वॅगन, जहाजाने व्लादिवोस्तोकला आलेली आणि तिथून हातोहात विकली जात राजधानीत, बिश्केकच्या गाडीबाजारात पोचलेली. उसेन आबांच्या थोरल्या मुलाने, तालायने, ती सहा वर्षांपूर्वी घेतली होती. रंग तांबूस, म्हणून तांबूस घोडीला मारतात तशी तो तिला 'तोरू' म्हणून हाक मारायचा. तिला दोन टर्बो होते. धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारे पंखे. लहान पंखा लगेच जागा होणारा, मोठा मागाहून येणारा. दोघांच्या मधे अर्ध्या सेकंदाची एक दरी होती, तिथे गाडी श्वास रोखून धरायची. मग मोठा पंखा लागला की पाठ सीटला चिकटायची. अपघाताच्या सोळा दिवस आधी हा मोठा पंखा लागेनासा झाला होता. मेदेरने नळ्या बदलून, एक व्हॉल्व्ह बदलून तो परत लावून दिला. तालाय चाचणीला म्हणून बाहेर पडला आणि वीस मिनिटांनी हसत परत आला. "मेदेर, हिच्यात घोडी परत आली रे," म्हणाला.

या गाड्या जपानच्या रस्त्यांसाठी बनलेल्या. स्टिअरिंग उजवीकडे. आणि इथे रहदारीही उजव्या अंगानेच चालते. म्हणजे ड्रायव्हर बसतो खड्ड्याच्या बाजूला, रस्त्याच्या मधल्या रेषेपासून लांब. पुढे ट्रक असला की त्याला ट्रकच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. समोरून काय येतंय ते दिसतं डाव्या सीटवरच्याला. म्हणून इकडे डावीकडची सीट वाटेल त्याला देत नाहीत. अनोळखी गिऱ्हाईक, बडबड्या, पेंगणारा, सगळे मागे. डावीकडे बसतो घरचा माणूस. तो मान तिरकी करून बघतो, 'जा' म्हणतो किंवा 'थांब' म्हणतो, आणि ड्रायव्हर त्यावर वाद घालत नाही. तालाय रोज कोचकोरहून बिश्केकला तीन प्रवासी नेई आणि आणी. सहा वर्षं त्याच्या डावीकडे उसेन आबा बसत. जन्मभर घोडे राखलेला माणूस. समोरच्या डोंगरावरची घोडी कोणाची आहे ते खालून सांगणारा.

त्या दिवशी वाटेतल्या बालिकचीला प्रवासी उतरवून बापलेक दोघंच परत येत होते. दुपारचे चार. पुढे रिकामा ट्रक होता. आबा 'जा' म्हणाले. समोरून कोळशाने भरलेला ट्रक आला. उजवीकडे परत शिरायला जागा नव्हती, म्हणून तालायने गाडी डावीकडे, रस्त्याबाहेर घातली. त्यामुळे ट्रक उजव्या बाजूला लागला. आबांचा हात मोडला. तालाय तिथेच गेला.

"रस्ता रिकामा होता," आबा सगळ्यांना सांगत. "गाडीने मधेच दम टाकला."

मग लोकांनी जे समजायचं ते समजून घेतलं. मेदेरच्या शेडमधल्या दोन गाड्या दुरुस्त न होताच परत गेल्या.

आबा रोज सकाळी दहाला शेडवर येत. प्लास्टरमधला हात गळ्यात, डोक्यावर पांढरी टोपी. उपड्या बादलीवर बसत आणि मेदेरचं काम चाललेलं ऐकत राहात.

"काय निघालं?"

"अजून काही नाही, आबा."

"तुझा बाप घोड्याचा खूर हातात घेतला की सांगायचा, खिळा कुठे लागलाय. आणि तू पंधरा दिवस झाले नुसता नळ्या फुंकतोयस."

"घोडा लंगडून दाखवतो तरी. ही आता काय दाखवणार?"

"उलट उत्तरं मात्र बापासारखीच देतोस," आबा म्हणाले आणि जरासे हसले. जाताना म्हणाले, "पोराच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाआधी सांग. घोडा कापणार आहोत. चार गावची माणसं येतील. मला त्यांच्यापुढे काहीतरी सांगावं लागेल."

चाळिसाव्याला अकरा दिवस होते.

मेदेरला घाई करता येत नसे. व्हॉल्व्ह त्याने एकेक करून बॅटरीला लावले. चारही टक्क वाजले. न फाटलेल्या नळ्यांत हवा भरून पाण्याच्या टबात धरल्या. बुडबुडा आला नाही. फाटलेल्या तीन नळ्यांचे काठ ताजे होते, टकरीत फाटलेले. दाबाच्या मीटरला सर्वांत मोठा आकडा लक्षात ठेवायची सोय होती; दुरुस्तीच्या दिवशी मेदेरने तो आकडा शून्यावर आणला होता. वीज जोडल्यावर त्याने शून्य पूर्णांक पंच्याण्णव दाखवलं, एकट्या लहान पंख्याने न येणारा दाब. म्हणजे त्या सोळा दिवसांत कधीतरी मोठा पंखा पूर्ण लागला होता. पण शेवटच्या दिवशीही लागला होता का, ते यातून कळत नव्हतं.

ते कळलं मोठा पंखा उघडल्यावर. टक्कर झाली तेव्हा हवेची मोठी नळी तुटून आत वाळू आणि काचेचा चुरा गेला होता. पंख्याला अकरा पाती. मेदेरने भिंग घेऊन एकेक पातं पाहिलं. पंखा थांबलेला असता, तर चुरा ज्या बाजूने आला तिकडची एकदोन पाती वाकली असती, बाकीची साफ राहिली असती. इथे अकराच्या अकरा पात्यांच्या काठांना सारख्याच खोलीच्या खाचा होत्या, एकाच जागी. खाच खोलीला शून्य पूर्णांक चार मिलिमीटर. भर वेगात फिरताना गिळलेली वाळू.

त्याने भिंग खाली ठेवलं. हात पुसले. परत उचललं आणि अकरा पाती परत मोजली.

त्या रात्री जेवताना त्याने बायकोला सांगितलं. जिपार पोस्टात होती, दिवसभर लोकांचं ऐकून आलेली.

"मग सुटलास की," ती म्हणाली. "चेहरा का असा?"

"पंखा लागला होता, म्हणजे त्या ट्रकच्या पुढे जायला तालायला सहा सेकंद लागले असते. सहा सेकंदांत तो दीडशे मीटर जातो, समोरचा ट्रक सव्वाशे-दीडशे. म्हणजे आबा 'जा' म्हणाले, तेव्हा कोळशाचा ट्रक तीनशे मीटरच्याही आत होता. सरळ रस्ता आहे तो. आणि ऊन होतं."

जिपारने चमचा खाली ठेवला.

"हे त्यांना सांगणार आहेस तू?"

"विचारतायत ते."

"एक मेंढी घेऊन जा चाळिसाव्याला. चुकलं म्हण. लोक दोन महिने बोलतील, मग कोणाची तरी गाडी बंद पडेल आणि येतील परत तुझ्याकडेच. इथून नारिनपर्यंत टर्बो कळणारा दुसरा आहे कोण?"

"आणि खोटं बोलू?"

"पोराला मीच ढकललं, हे डोक्यात घेऊन म्हातारा किती दिवस काढेल? तुझ्या खाचांपेक्षा ते मोज की जरा."

तिचं म्हणणं मेदेरला पटत चाललं होतं. सकाळी उठल्यावर त्याने मेंढी कोणाकडून घ्यायची तेही ठरवून टाकलं.

पण तो दिवस आणि पुढचे दोन दिवस तो आबांकडे बघत राहिला. तीन दिवसांत शेडच्या दारात सात माणसं आली. सातही ओळखीची, दोन तर आबांच्या भावकीतली. एकालाही आबांनी, तो तोंड उघडेपर्यंत, नावाने हाक मारली नाही. तो बोलला की लगेच, "ये रे, तुझ्या घोडीएवढ्या बायकोची कंबर कशी आहे?" असं काहीतरी. दारातून उजेड मागून येतो, माणूस काळा दिसतो, हेही मेदेरने ध्यानात घेतलं. म्हणून चौथ्या दिवशी त्याने बादली उचलून दाराजवळ, उजेडाला पाठ करून ठेवली. आबा बसले. समोर, शेडच्या आतल्या भिंतीशी, जिपार बारा पावलांवर उभी राहिली. न बोलता.

"कोण आहे रे तिथे?" आबांनी विचारलं. "बेक्तुर आला का?"

बेक्तुर त्यांचा धाकटा मुलगा, साडेसहा फूट उंच. जिपार मेदेरच्या खांद्याला लागायची.

"मी आहे, आबा," ती म्हणाली. "चहा आणलाय."

"उंच झालीस गं," आबा म्हणाले आणि स्वतःच हसले. "बेक्तुर म्हणालो कारण तो न्यायला येणार होता. काल गेलो होतो त्याच्याबरोबर बालिकचीपर्यंत. भावाचे प्रवासी आता तो नेतो ना. गाडी मोठी आहे त्याची, पण स्टिअरिंग तिकडेच. म्हटलं, एकटा कशाला जातोस, मी बसतो डावीकडे. हात मोडलाय, डोळे नाही मोडले."

जिपारने कप त्यांच्या हातात दिला आणि मेदेरकडे पाहिलं. ती परत जाताना शेडच्या कोपऱ्यात थांबून हलकेच म्हणाली, "मेंढी राहू दे."

मेदेर आबांच्या समोर जमिनीवर बसला.

"आबा, मोठा टर्बो चालू होता."

"हं."

"टक्कर झाली त्या क्षणी. पूर्ण वेगात. गाडीने दम टाकला नव्हता."

आबांनी चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवायला जागा पायाने चाचपली, मग ठेवला.

"मला वाटलं टाकला," ते म्हणाले. "मला तसं वाटलं. रस्ता रिकामा होता आणि मग एकदम ट्रकच होता. मधे काही नव्हतंच. तर मी म्हटलं, गाडीच थांबली असणार."

मेदेरने कप लवंडू नये म्हणून बाजूला सरकवला.

"तुझं म्हणणं, मला दिसलं नाही."

"मी तसं म्हणत नाही."

"मग काय म्हणतोस?"

"ते मी मोजलेलं नाही."

आबांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, परत घातली. गावात कोणी त्यांना असं कधी बोललं नव्हतं. सत्तर वर्षांच्या माणसाला पस्तिशीचा मिस्त्री असं सांगत नाही. मेदेरला वाटलं आता ते उठतील आणि जातील. जाऊन बेक्तुरच्या शेजारी बसतील.

"दोन वर्षांपूर्वी," आबा म्हणाले, "डोंगरावरचे घोडे मला एकमेकांत मिसळायला लागले. म्हटलं धूळ असेल. तालायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, बाबा, मागे बसा." त्यांनी गळ्यातला हात सावरला. "गाडीत बसून मी काय करायचो माहितीय? पुढच्या ट्रकवाल्याकडे बघायचो. तो जरा उजवीकडे सरकला की समजायचो वाट मोकळी आहे, तोच देतोय. बहुतेक वेळा बरोबर निघायचं."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशी तो सरकला होता. खड्डा चुकवायला असेल." त्यांनी मेदेरच्या दिशेने तोंड वळवलं, पण नजर त्याच्या कानाजवळून गेली. "मोज."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चौघं अपघात झाला त्या, ओर्तो-तोकोयच्या अलीकडच्या सरळ रस्त्यावर गेले. बेक्तुरला मेदेरने एवढंच सांगितलं, की कागदपत्रांसाठी अंतरं घ्यायची आहेत.

"गाड्या संपल्या म्हणून आता रस्ते दुरुस्त करतोस?" बेक्तुर म्हणाला.

"तू वीसच्या वेगाने येत राहा. फोन चालू ठेव. काही बोलू नकोस. मी 'थांब' म्हटलं की थांब. दिवे लावू नकोस."

वीसच्या वेगातून, ऐकून ब्रेक लावून थांबायला बेक्तुरला किती लागतं ते त्याने आधी तीनदा पाहिलं. सरासरी आठ मीटर. मग रस्त्याच्या कडेला बादली उपडी ठेवली. तालायच्या गाडीत डाव्या सीटवर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून एकशे पंधरा सेंटिमीटरवर येत होता. बादलीखाली दोन विटा दिल्यावर तेवढाच आला. पहिल्यांदा तो स्वतः बसला. बेक्तुरची करडी गाडी वळणावरून बाहेर पडली तशी दिसली. गाडीच्या मीटरवर ते अंतर एक किलोमीटर तीनशे मीटर भरलं. रस्त्यात कुठे उतार नव्हता, काही झाकणारं नव्हतं.

मग आबा बसले. दिसली की चांगला हात वर करायचा असं ठरलं. बेक्तुर परत वळणापलीकडे गेला. जिपार त्यांच्या मागे उभी होती, रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधून.

आबांनी हात वर केला. "थांब," मेदेर फोनमध्ये म्हणाला. दोरीने मोजायला गेला. चारशे साठ. परत येताना त्याचं पाऊल हलकं पडत होतं. तीनशे लागत होते, चारशे साठ पुरेसं होतं. चारशे साठ असेल तर दुसरं काहीतरी कारण होतं आणि ते शोधता आलं असतं.

"किती?" आबांनी विचारलं.

"चारशे साठ."

"खोटं आहे ते," आबा म्हणाले.

"दोरीने मोजलंय मी."

"दोरी खरी आहे रे. मी ऐकून हात वर केला. त्याच्या गाडीचा पट्टा किंचाळतो, तू कसला मिस्त्री, तुला ऐकू आला नाही?" त्यांनी मान खाली घातली. "तोरूमध्ये काचा बंद होत्या. रेडिओवर ती बाई गात होती. वर टर्बोची शिट्टी. तिथे मला काय ऐकू येणार होतं? जिपार, लोकर आहे का कुठे?"

जिपारने कोटाच्या अस्तरातून लोकर उपसली. दोन बोळे केले. आबांनी ते स्वतःच्या हाताने कानांत कोंबले, आधी उजव्या, मग डाव्या, आणि वरून टोपी खाली ओढली.

"आता बोलाव त्याला," ते गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाले. "आणि मला कोणी हात लावू नका."

बेक्तुर वळणावरून बाहेर आला. मेदेर आबांच्या हाताकडे बघत राहिला. हात गुडघ्यावर होता. गाडी येत होती. काचेवर ऊन चमकलं, विझलं. मेदेरला आता गाडीची नंबरप्लेट पांढरी दिसत होती. हात गुडघ्यावरच होता. आबांचे डोळे पूर्ण उघडे होते आणि बरोबर रस्त्याच्या मधोमध लागले होते. जिपार दुसरीकडे बघायला लागली. मेदेरला बेक्तुरचा हात दिसला, स्टिअरिंगवर ठेवलेला.

मग आबांचा हात वर गेला.

"थांब," मेदेर म्हणाला.

दोरी पन्नास मीटरची होती. ती दोनदा पूर्ण पडली. तिसऱ्यांदा सव्वीस मीटरवर बंपर आला. बेक्तुरने काच खाली केली आणि काहीतरी विचारलं. मेदेरने मानेनेच नाही म्हटलं. थांबायला लागलेले आठ मीटर मिळवले. वहीत लिहिलं: सकाळी नऊ चाळीस, स्वच्छ ऊन, धूळ नाही, कान बंद.

तो परत आला तेव्हा आबांचा हात अजून वरच होता. जिपारने तो धरून खाली घेतला. त्यांनी कानांतले बोळे काढले आणि मुठीत धरले.

"सांग," ते म्हणाले.

"एकशे चौतीस मीटर."